पडद्यावर नेमकं गातंय कोण?

व्यसन, आजार किंवा कर्जात रुतलेल्या लोकप्रिय गायक-वादकांवरचे चित्रपट या विषयावर मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले काही निवडक प्रश्न आणि आमच्या चित्रपट-संगीत विभागाची उत्तरं.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त रामी मालेक स्वतः गातो असं मुलगी म्हणते. मला तो फ्रेडी मर्क्युरीचाच आवाज वाटतो. बरोबर कोण? आणि हे आपल्याला घरबसल्या ओळखता येतं का? (कोल्हापूर)

दोघंही थोडे थोडे बरोबर. चित्रपट क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक मर्क्युरी याच्यावरचा, मालेक त्यात मर्क्युरी झालाय. त्यातला आवाज तिघांचा मिळून आहे: मर्क्युरीची मूळ ध्वनिमुद्रणं, कॅनडाचा गायक मार्क मार्टेल आणि अधूनमधून स्वतः मालेक. मालेकने सेटवर घसा फोडून गायलं, कारण त्याशिवाय मानेच्या शिरा ताणल्या जात नाहीत. पण गाण्यांत आपण ऐकतो तो आवाज मुख्यतः मर्क्युरी आणि मार्टेलचा.

अशा चित्रपटांत साधारण तीन वाटा असतात. पहिली, नटानेच गायचं. ‘वॉक द लाइन’मध्ये (२००५) वाकीन फिनिक्स आणि रीस विदरस्पून यांनी काही महिने तालीम करून जॉनी कॅश आणि जून कार्टर यांची गाणी स्वतः गायली. ‘रॉकेटमॅन’मध्ये (२०१९) एल्टन जॉनची गाणी टॅरन एजर्टनच्याच आवाजात आहेत. दुसरी वाट, मूळ गायकाचा आवाज आणि नटाचे ओठ. ‘रे’मध्ये (२००४) बहुतेक गाण्यांत आवाज रे चार्ल्सचा आहे, पियानोवरची बोटं मात्र जेमी फॉक्सची. तो लहानपणापासून पियानो शिकलेला असल्यामुळे कॅमेरा त्याचा चेहरा आणि हात एकाच चौकटीत बिनधास्त धरतो. ही सोय नसली की दिग्दर्शक एकदा चेहरा आणि एकदा दुसऱ्याच कुणाचे तरी हात दाखवत बसतो. तिसरी वाट मिसळीची, तिचं उदाहरण वर आलंच.

ओळखायचं असेल तर हेडफोन लावा आणि गाण्याआधीचं अर्धं मिनिट नीट ऐका. संवाद खोलीच्या घुमाऱ्यासकट येत असतो आणि पहिल्याच ओळीला आवाज एकदम स्वच्छ, बंदिस्त होतो. असं झालं तर तो स्टुडिओतला आवाज. मग श्वास बघा. लांब ओळ उचलण्याआधी बरगड्या फुगल्या पाहिजेत आणि नेमका तेवढाच श्वास ऐकूही आला पाहिजे. त्यानंतर प, ब, म ही अक्षरं. यांना ओठ मिटावेच लागतात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. ओठ दोन-तीन चौकटी मागे पडले की कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला खटकतं. गायक माइकपासून मान वळवतो तेव्हा आवाज जरासा पातळ होतो का, हेही पाहा. न झाल्यास तो आवाज त्या माइकमधून आलेलाच नाही.

टीव्हीला वेगळा साउंडबार जोडला असेल तर निकाल देण्याआधी ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आहे का तपासा. नाहीतर सगळ्याच नटांचे ओठ चुकताना दिसतील.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे खरं का? मग चित्रपटात पाचगणी का नाही? बाकीची कथा तरी खरी आहे का? (वाई)

खरं आहे. झांझिबारला १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. पियानोचे धडे तिथे घेतले आणि ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँडही तिथलाच. लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या भव्य संगीत कार्यक्रमाची झलक दाखवून झाली की चित्रपट थेट १९७०च्या लंडनमध्ये उतरतो, त्यामुळे ही सगळी वर्षं गळतात.

कालक्रमाचं म्हणाल तर बरीच ओढाताण आहे. चित्रपटात फ्रेडी एकट्याचा करार करतो, बाकीचे रुसतात आणि बँड मोडतो. वास्तवात ड्रमर रॉजर टेलरने १९८१ सालीच आपला एकट्याचा अल्बम काढला होता आणि बँड कधी मोडलाच नव्हता. १९८४ला नवा अल्बम आला आणि त्याचा दौरा मे १९८५पर्यंत चालू होता. ‘वी विल रॉक यू’ १९७७चं, पण चित्रपटात ते १९८०च्या मिशाळ फ्रेडीसमोर जन्माला येतं. सगळ्यात मोठी उलटापालट आजाराची. १३ जुलै १९८५च्या लाइव्ह एड कार्यक्रमाआधी तो सहकाऱ्यांना एचआयव्हीबद्दल सांगतो असं दाखवलंय. त्याला निदान कळलं ते १९८७च्या सुमारास, असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या या कार्यक्रमाला मरणाची पार्श्वभूमी मिळावी म्हणून केलेली ही हातचलाखी आहे आणि आम्हाला ती स्वस्त वाटते. त्या दिवशीची लंडनच्या वेम्बली मैदानावरची वीस-एकवीस मिनिटं कुठल्याही फोडणीशिवाय पुरेशी होती. मूळ चित्रफीत आणि चित्रपटातला प्रसंग एकापाठोपाठ पाहा, मालेकने एकेक हालचाल किती मेहनतीने बसवली आहे ते कळेल. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत त्या कार्यक्रमातली दोन गाणी गाळली होती, घरगुती डिस्कवर मात्र पूर्ण कार्यक्रम आहे.

हे सगळे चित्रपट सारखेच का वाटतात? लहानपणचा घाव, यश, नशा, बायकोशी भांडण, शेवटी टाळ्या. (नाशिक)

त्याचं अर्धं उत्तर कागदपत्रांत आहे. गाणं चित्रपटात वापरायला दोन परवानग्या लागतात. एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल ज्याच्या मालकीची आहे त्याची. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, जी बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. नट स्वतः गाणार असेल तर दुसरी टळते, पहिली टळत नाही. या परवानग्या कलाकार किंवा त्याचे वारस यांच्या हातात असतील तर पटकथेवरही त्यांचा हात फिरतो. ‘रॉकेटमॅन’चा एक कार्यकारी निर्माता खुद्द एल्टन जॉन होता. क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर त्यांच्या चित्रपटाच्या कामात होतेच. मग व्यसन दाखवायला सगळे तयार होतात, कारण व्यसनातून बाहेर येता येतं. कंजूषपणा, पैशांवरून सहकाऱ्यांशी केलेली दगाबाजी, सुमार गाणी हे दाखवायला फारसं कुणी तयार नसतं.

परवानगी नाही मिळाली तर? गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३च्या चित्रपटात त्याची स्वतःची एकही रचना नाही, इतरांच्या ज्या रचना तो वाजवायचा त्यांच्यावर भागवलंय. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीवरच्या ‘स्टारडस्ट’मध्येही (२०२०) बोवीची गाणी नाहीत. दुसरा तर अगदीच कोरडा झालाय. म्हणून चित्रपट निवडताना श्रेयनामावलीत निर्माते कोण आहेत ते आधी वाचा.

मानसिक आजार नीट दाखवणारा एकच चित्रपट सांगायचा तर? (पुणे)

‘लव्ह अँड मर्सी’ (२०१४), दिग्दर्शक बिल पोलाड. बीच बॉइज या अमेरिकी बँडचा ब्रायन विल्सन इथे दोन नटांनी केलाय: साठच्या दशकातला पॉल डेनोने आणि ऐंशीच्या दशकातला जॉन क्युसॅकने. दोघे एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि तसे दिसावेत म्हणून कुणी मेकअपचे थरही चढवलेले नाहीत. सुरुवातीची दहा मिनिटं ते बोचतं. पुढे लक्षात येतं की आजाराने आणि औषधांनी बदललेल्या माणसाला त्याची जुनी ओळखच उरलेली नाही, आणि ते दोन चेहऱ्यांनी जितकं कळतं तितकं पांढऱ्या विगने कळलं नसतं.

स्टुडिओतले प्रसंग दोनदा पाहा. १९६६च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमचं काम जिथे झालं होतं त्याच हॉलिवूडमधल्या स्टुडिओत ते चित्रित झालेत आणि वादकांच्या भूमिकांत खरे वादक आहेत. ब्रायन पियानोच्या तारांवर केसांच्या पिना ठेवतो आणि आवाज कसा किणकिणतो ते ऐकतो. वादकांना त्याची मांडणी चुकलेली वाटते, त्याच्या डोक्यात मात्र ती जुळलेली असते. सगळे मिळून वाजवतात आणि ती खरंच जुळते. नेमकी हीच क्षमता, म्हणजे इतरांना न ऐकू येणारं ऐकणं, पुढे त्याला छळणार आहे. जेवणाच्या टेबलावर काट्या-चमच्यांचा किणकिणाट वाढत वाढत असह्य होतो तो प्रसंग याच धाग्याचा. संवादातून आजार समजावून सांगण्याऐवजी तो कानावर आदळवलाय.

दुसऱ्या काळातला खलनायक म्हणजे युजीन लँडी, ब्रायनवर चोवीस तास पहारा ठेवणारा, उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ. ब्रायनला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे असं त्याने ठरवलं होतं. पुढे इतरांनी केलेलं निदान स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर (भास-भ्रमांच्या जोडीला मनःस्थितीचे तीव्र चढउतार) असं वेगळं निघालं. लँडीला १९८९ साली परवाना सोडावा लागला आणि १९९२ला न्यायालयाने त्याला ब्रायनशी संपर्क ठेवायलाही मनाई केली. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि ‘पेट साउंड्स’ मुळात मोनोमध्येच, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीवर, निघाला. चित्रपटानंतर अल्बम ऐकणार असाल तर मोनो आवृत्तीच शोधा.

सतरा वर्षांचा मुलगा गिटार वाजवतो. नशा केल्याशिवाय मोठं संगीत होत नाही असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्याला काय दाखवू? (ठाणे)

उपदेश करणारं काही नको. ‘एमी’ (२०१५) हा आसिफ कपाडियाचा माहितीपट दाखवा. कुणी खुर्चीत बसून आठवणी सांगत नाही, माणसांचे फक्त आवाज येतात आणि पडद्यावर मूळ चित्रणं चालू राहतात. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस ‘बॅक टू ब्लॅक’ हे गाणं ध्वनिमुद्रित करते तो भाग त्याच्याबरोबर बसून बघा. संगीत काढून घेतलेलं, नुसता गळा. जागेवर उभी राहून एकेक शब्द नेमका टाकणारी, पूर्ण शुद्धीतली बाई दिसते. नंतरचा एक कार्यक्रम आहे, तिला गाता येत नाही आणि प्रेक्षक हुर्यो करतात. दोन्ही पाहिल्यावर वेगळं सांगावं लागणार नाही.

२३ जुलै २०११ला सत्ताविसाव्या वर्षी ती गेली तेव्हा रक्तात १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. त्याआधी काही काळ तिने दारू बंद ठेवली होती. अशा खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनंच प्रमाण जिवावर बेततं, ही गोष्ट मुलाला जरूर समजावून सांगा.

जॅझची आवड असेल तर क्लिंट ईस्टवुडचा ‘बर्ड’ही (१९८८) आहे. त्यात चार्ली पार्करचं मूळ सॅक्सोफोनवादन जुन्या मुद्रणांतून वेगळं काढून त्याला नव्या वादकांची साथ जोडली आहे. ऑस्कर मिळालं त्या कामाला. तरी कुठेतरी कृत्रिम वाटतं, कारण साथीदार पार्करला प्रतिसाद देतात आणि पार्कर त्यांना देऊ शकत नाही. त्या मानाने ‘राउंड मिडनाइट’मध्ये (१९८६) डेक्स्टर गॉर्डन हा खराखुरा सॅक्सोफोनवादक कॅमेऱ्यासमोरच वाजवतो. आमचा कौल त्याला.

आपल्याकडे काय आहे? (सोलापूर)

‘अमर सिंग चमकीला’ (२०२४) आधी. दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी चमकीला-अमरजोत या पंजाबी गायक-जोडीची गाणी चित्रीकरणाच्या जागीच थेट गायली आहेत. त्यामुळे अखाड्यातला (पंजाबातला गावोगावचा उघड्यावरचा गाण्याचा कार्यक्रम) धसमुसळेपणा, ओळ अर्धी गिळणं, तुंबी या एकतारी वाद्याची तार कर्कश होणं हे सगळं शाबूत राहिलंय. चमकीला सत्ताविसाव्या वर्षी, ८ मार्च १९८८ला, पंजाबातल्या मेहसमपूरला अमरजोतसह बंदुकीच्या गोळ्यांना बळी पडला. मारेकरी आजही ठरलेले नाहीत आणि चित्रपट त्यांचं नाव सांगायच्या फंदात पडत नाही, ते बरंच झालं.

मराठीत ‘बालगंधर्व’ (२०११). गायलाय आनंद भाटे, ओठ सुबोध भावेचे. इथला रोग नशेचा नाही, उधळपट्टीचा: भरजरी शालू, अत्तरं आणि डोक्यावर कर्ज. ऐकताना भाट्यांनी गंधर्वांची नक्कल किती टाळली आहे तिकडे लक्ष द्या. लकबी घेतल्या, गळा स्वतःचा ठेवला.

आमच्या ग्रंथालयात तीन शनिवार असे चित्रपट दाखवायचे आहेत. क्रम आणि तयारी सांगा. (रत्नागिरी)

पहिल्या शनिवारी ‘चमकीला’ (१४६ मिनिटं), भाषा जवळची आणि गाणी खिळवणारी. दुसऱ्याला ‘लव्ह अँड मर्सी’ (१२१). तिसऱ्याला जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडचा गायक इयन कर्टिस याच्यावरचा ‘कंट्रोल’ (१२२), अँटन कॉर्बाइनचा. तो कृष्णधवल आहे, म्हणून खोली पूर्ण काळोखी हवी आणि प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवर. ‘डायनॅमिक’वर ठेवलात तर करड्या छटा जळून पांढऱ्याफटक होतात. त्यात अपस्माराचे झटके आहेत आणि शेवटी आत्महत्या, ती प्रत्यक्ष दाखवलेली नसली तरी सूचना फलकावर आधीच लिहा.

आवाजात हमखास होणारी गडबड अशी: प्लेअर ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज पाठवतो, तुमच्याकडे स्पीकर दोनच. मधल्या वाहिनीतला गळा हरवतो आणि नुसती साथसंगत दणाणते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडा. आवाजाची पातळी गाण्यावर न ठरवता हळू संवादावर ठरवा, मग सगळ्यात मोठं गाणं लावून स्पीकर फाटतो का ते बघा. हळू आणि मोठा आवाज एका पातळीला आणणारा ‘नाइट मोड’ बंदच. दोन्ही स्पीकर श्रोत्यांच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा.

आणि ओटीटीचं वर्गणीखातं घरगुती वापरापुरतंच असतं. जाहीर प्रदर्शनासाठी वितरकाला पत्र लिहून लेखी परवानगी घ्या. पत्रात तारीख, जागा, आसनसंख्या आणि प्रवेश मोफत आहे का ते लिहा. उत्तराला वेळ लागतो, त्यामुळे भित्तिपत्रक छापायला टाकण्याची घाई करू नका.