काम आता रानातून येतं

प्रश्न : दादा, सेलूला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. पूर्वी दिवसाला आठ-दहा सेट यायचे, दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आता आठवड्याला दोन येतात आणि त्यातल्या एकाचं पॅनेल फुटलेलं असतं. खर्च सांगितला की गिऱ्हाईक मोबाइलवर नव्या टीव्हीचा भाव दाखवतं आणि सेट उचलून चालू लागतं. मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. तो म्हणतो, पाच लाखांचं कर्ज काढून टीव्ही-कूलरची शोरूम टाकू. माझं मन धजत नाही, पण नुसतं बसूनही भागत नाही. काय करू?
– एक दुकानदार, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाऊ, कर्ज काढून शोरूम टाकू नका. उदगीरला मीही हेच करून बसलो होतो. २०११ च्या दिवाळीआधी पिक्चर ट्यूबचे १८ टीव्ही भरले. सोयाबीनचा पैसा हातात आला की लोक टीव्ही घेतात, हा आमचा जुना हिशेब. पैसा आला, पण लोक चपटा टीव्ही मागायला लागले होते. सात सेट पुढच्या दिवाळीपर्यंत खोक्यात पडून राहिले, शेवटी खरेदीच्या खाली काढले. टीव्हीसारख्या मालाचा भाव गोदामात बसल्या बसल्या उतरतो, आणि कर्जाचा हप्ता मात्र आहे तेवढाच राहतो.

तुमच्याकडे मीटर धरणारा हात आहे. २७ वर्षं सर्किट वाचलेली नजर आहे. ती भांडवलाशिवाय चालते. फक्त आता बिघडणाऱ्या वस्तू बदलल्यात.

माझ्या दुकानाला वळण लागलं ते एका श्रावणात. दुपारी दोनला एक शेतकरी मोटरसायकलीवर चार्जिंगचा फवारणी पंप बांधून आला. सोयाबीनवर अळी पडलेली, आभाळ भरून आलेलं, रानात औषध कालवून ठेवलेलं. म्हणाला, "नवा मागवला तर चार दिवसांनी येईल, तोवर पाला राहत नाही." मीटर लावला, बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. एखादा म्हणाला असता बॅटरी चांगली आहे, मोटर बघा. मी मोटर चालू करून परत मोजलं, तर काटा ९ वर आला. बॅटरी आतून गेलेली. लोडवर मोजल्याशिवाय बॅटरीवर विश्वास ठेवू नका, ही तुमचीही पहिली सवय असू द्या. बदलून दिली, माणूस वीस मिनिटांत रानाच्या वाटेला लागला. त्यानं पैशाची घासाघीस केली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या गावचे पाच पंप आले.

या पंपाचं दुखणं मोजकंच असतं : बॅटरी, चार्जर, स्विच, मोटरवरचा प्रेशर स्विच. हंगाम संपला की लोक पंप तसाच माळ्यावर टाकतात, आणि जूनमध्ये काढतात तेव्हा लेड-ॲसिडची बॅटरी मेलेली असते. मी दिवाळीलाच सांगतो, महिन्यातून एकदा चार्ज करा. माझं थोडं गिऱ्हाईक त्यानं कमी होतं, पण माणूस टिकतो.

दुसरं, झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं यंत्र. रानडुक्कर आणि रोह्यांनी आपल्याकडं हैदोस घातलाय, गावोगावी ही यंत्रं बसली आहेत. "झटका बसत नाही" म्हणून मशीन आलं तर उघडण्याआधी शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा. तारेला गवत लागलंय का? आणि अर्थिंगच्या सळीभोवती पाणी कधी ओतलं होतं? एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, माती सळीला सोडते, मग मशीन धडधाकट असूनही तारेत दम राहत नाही. बऱ्याचदा घागरभर पाण्यात काम भागतं. अशा वेळी पैसे घेऊ नका. मशीनऐवजी थेट मीटरची लाइन कुंपणाला जोडून द्या असं कुणी म्हणालं, तर त्याला दुकानातून परत पाठवा. त्यानं माणसं मेलीत, आणि तो गुन्हा आहे.

घरातलं काम म्हणाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा शिकून घ्या. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या जवळपास, म्हणून लोक घेतात. पण त्याच्या पोटात सर्किट आहे. कंडेन्सर बदलून मोकळं व्हायची सवय असलेले मिस्त्री तिथं हात टेकतात. तुम्हाला ते अवघड नाही. एलईडी टीव्हीतही आवाज येतोय, चित्र नाही, अशा सेटवर टॉर्च धरा. पुसट चित्र दिसलं तर बहुतेक बॅकलाइटची, म्हणजे चित्रामागून उजेड देणारी पट्टी गेलेली असते, आणि ती बदलणं परवडतं. फुटलेल्या पॅनेलला मात्र हात लावू नका, परत पाठवा.

सौर पंपाचा रस्ता मुलासाठी ठेवा. शेतकऱ्यांना अनुदानावर सौर पंप देणारी केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ला सुरू झाली. त्यात पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडं असते, त्यामुळं मुदतीतला कंट्रोलर उघडलात तर शेतकऱ्याचंच नुकसान. पण सुरुवातीच्या पंपांची मुदत आता संपत चालली आहे, आणि हे काम कुणाकडं न्यायचं ते गावात ठाऊक नाही. त्याला आधी कुठल्यातरी जाणत्या फिटरच्या हाताखाली वर्षभर राहू द्या. ओळीनं जोडलेल्या पॅनेलमधून कित्येकशे व्होल्टचा डीसी येतो. त्याची ठिणगी घरच्या एसी करंटसारखी पटकन तुटत नाही. टीव्हीच्या जोरावर तिथं घुसू नये.

दुकानात माल किती? पंपाच्या १२ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या, दहा चार्जर, प्रेशर स्विच, थोडा बॅकलाइटचा साठा. पोळ्यापर्यंत विकेल एवढाच भरा.

प्रश्न : आमच्या बचत गटानं एलईडी बल्ब जोडायचं शिक्षण घेतलं, पण बल्ब खपत नाहीत. भाव कमी करावा का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, भाव कमी करून उपयोग नाही. २०१५ पासून उजाला योजनेत सरकारनं घाऊक खरेदी केली आणि बल्बचे भाव खाली आले, तिथं गटाचा टिकाव लागणार नाही. शिवाय विकायच्या बल्बला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, ती आहे का ते आधी पाहा. जे शिकलात ते दुरुस्तीकडं वळवा. ग्रामपंचायतीचे पथदिवे बंद पडतात तेव्हा पुष्कळदा आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, गेलेला असतो, एलईडी शाबूत असतात. ग्रामसेवकाला भेटून एका दिव्याचा दुरुस्तीदर लिहून द्या, आणि खांबावर चढायचं काम ठरावीक लाइनमनकडंच राहू द्या.