कोरियाला हरवलं, गटात पहिले आलो, तरी सहावे कसे?

प्रश्न असा आहे की हांगझोऊच्या २०२३ मधल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने दक्षिण कोरियाला हरवून गटात पहिलं स्थान घेतलं, पुढे चायनीज तैपेईलाही हरवलं आणि फक्त एक बाद सामना गमावला, तर मग थेट सहावा क्रमांक कसा? आणि पुढच्या स्पर्धेत गटांचा आणि बाद फेरीचा तक्ता स्वतः वाचायचा तर काय बघायचं?

आधी रचना समजून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. संघ होते १९, गट सहा. प्रत्येक गटात तीन संघ, एकात चार. पहिले दोन पुढे, म्हणजे बारा संघ. बारांचे सहा सामने, सहा विजेते. आता सहा संघांतून उपांत्य फेरीचे चार काढायचे, म्हणून दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले (चीन आणि इराण) आणि उरलेल्या चौघांत दोन सामने झाले. त्यांनाच उपांत्यपूर्व म्हटलं गेलं. नेहमीच्या उपांत्यपूर्व फेरीत आठ संघ असतात आणि हरणारे चार पाचव्या ते आठव्या क्रमांकासाठी खेळतात. इथे हरणारे दोनच होते, भारत आणि पाकिस्तान, त्यामुळे उरला तो एकच सामना, पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा. तो पाकिस्तानने २५-२१, २५-२०, २५-२३ असा जिंकला. म्हणून सहावे.

गटातले गुण असे मोजतात: ३-० किंवा ३-१ ने जिंकलात तर तीन गुण, हरणाऱ्याला शून्य. ३-२ ने जिंकलात तर दोन, आणि हरणाऱ्याला एक. पण क्रम लावताना आधी जिंकलेले सामने बघतात, ते सारखे असतील तर गुण, मग सेटचं गुणोत्तर, मग पॉइंटचं गुणोत्तर. गुणोत्तर म्हणजे भागाकार, वजाबाकी नव्हे, इथे बरेच जण चुकतात. आपल्या गटात भारताने कंबोडियाला ३-० आणि कोरियाला ३-२ हरवलं, म्हणजे पाच गुण. कोरियाने कंबोडियाला ३-० हरवलं आणि आपल्याकडून २-३ हरले, म्हणजे चार गुण. सेट आपले ६-२, त्यांचे ५-३. प्रत्येकाला दोनच सामने असलेल्या गटात एकच निकाल सगळं ठरवतो.

तो निकाल किती बारीक होता ते बघा: २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. बेरीज करा. भारताचे ११६ पॉइंट, कोरियाचेही ११६. पाच सेटमध्ये एका पॉइंटचाही फरक नाही, आणि तरी एक संघ गटात पहिला, दुसरा दुसरा. याची खरी किंमत बाद फेरीत दिसली. आपल्या गटातल्या पहिल्याची गाठ शेजारच्या गटातल्या दुसऱ्याशी होती आणि आपल्या दुसऱ्याची तिथल्या पहिल्याशी. म्हणून भारतासमोर चायनीज तैपेई आलं (२५-२२, २५-२२, २५-२१) आणि कोरियासमोर पाकिस्तान. कोरिया ०-३ हरून २२ सप्टेंबरलाच पदकाच्या शर्यतीतून बाहेर. उद्घाटन सोहळा तर २३ तारखेला होता! पाचव्या सेटमधले ते शेवटचे दोन पॉइंट उलटे पडले असते तर पाकिस्तानसमोर त्या दिवशी आपण असतो, आणि चार दिवसांनी त्यांनी आपल्याला सरळ सेटमध्ये हरवलं हे लक्षात घेता सहावा क्रमांकही हातात राहिला नसता. त्यामुळे ‘कोरियाला हरवून काय मिळालं’ असं म्हणणं मला मुळीच पटत नाही. मिळालं ते खूप होतं.

आता जपान, ज्यांच्याकडून आपण उपांत्यपूर्व सामना हरलो. १६-२५, १८-२५, १७-२५. जपानने आपला मुख्य संघ ऑलिंपिक पात्रता फेरीसाठी राखून ठेवला होता, ती ३० सप्टेंबरपासून टोकियोत होती. तरी एवढा फरक का, हे नुसत्या स्कोअरवरूनही बरंचसं काढता येतं. सर्व्हिस समोरच्याकडे जाते ती रिसीव्ह करणाऱ्या संघाने पॉइंट घेतल्यावरच. म्हणून एका सेटमध्ये दोन्ही संघांचे ‘साइडआउट’ (म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर घेतलेले पॉइंट) जवळपास सारखे असतात, एखाद-दुसऱ्याचा फरक. १७-२५ च्या सेटमध्ये आपण साधारण सतरा सर्व्हिस करतो, समोरचा पंचवीस. जपानने आपल्या सतरापैकी बारा सर्व्हिसवर पॉइंट काढला असं धरा, तर आपणही बाराच साइडआउट केले, पण पंचवीसपैकी. म्हणजे निम्म्याहून कमी. या पातळीवर पुरुषांच्या सामन्यात तीनपैकी दोन वेळा तरी साइडआउट व्हायला हवा. तो निम्म्यावर आला की सेट गेलाच. अशा सेटमध्ये स्मॅशर चुकला म्हणून ओरडण्याआधी पहिला पास कुठे पडला ते बघा. पास नेटपासून तीन मीटरच्या रेषेमागे राहिला की सेटरला (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला) मधल्या खेळाडूला झटपट चेंडू देता येत नाही, उंच चेंडू टोकाला जातो आणि समोर दोन-तीन हातांच्या जोड्या आधीच उभ्या असतात.

सर्व्हिस बाहेर मारली की आपल्याकडे लगेच नाराजी दिसते, त्याचंही गणित करून बघा. सोपी सर्व्हिस टाकली, एकही चुकली नाही, तर दहापैकी सात पॉइंट समोरचा घेईल. जोरदार जंप सर्व्हिसने त्याचा साइडआउट पंचावन्न टक्क्यांवर येतो असं समजू. दहापैकी दोन बाहेर गेल्या, तर त्याला दोन फुकट आणि उरलेल्या आठांवर साधारण साडेचार, एकूण साडेसहाच्या आत. म्हणजे फायदाच. चार बाहेर गेल्या तर मात्र हा आकडा सातच्या वर जातो आणि तोटा सुरू होतो. दहात तीन ही मर्यादा धरा. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रशिक्षक हाच हिशोब मनात ठेवून बोलतो. टाइमआउटनंतर किंवा समोरच्याने नुकतीच सर्व्हिस वाया घालवल्यावर मात्र चेंडू आत टाकणं बहुतेकदा शहाणपणाचं. तिथे दोन रिसीव्हरच्या मधोमध फ्लोट (न फिरता हवेत डगमगत जाणारी सर्व्हिस) टाकला की कोण घेणार यातच अर्धा सेकंद जातो.

आणखी एक गोष्ट रोटेशनची, म्हणजे सर्व्हिस परत मिळाली की खेळाडू एकेक जागा सरकतात त्याची. सेटर पुढच्या रांगेत असला की नेटवर दोनच आक्रमक राहतात, मागे असला की तीन. ज्या रोटेशनमध्ये संघ सलग तीन-चार पॉइंट देतो ती नोंदवून ठेवा, पुढच्या सेटमध्ये बहुतेकदा तिथेच पुन्हा अडकतो. बदल सेटमागे सहाच, टाइमआउट दोन, संघात खेळाडू बारा. भारताचे सामने १९, २०, २२, २४ आणि २६ सप्टेंबरला होते, आठ दिवसांत पाच. कोरियाविरुद्ध पाच सेट खेळलेले पाय जपानविरुद्ध किती ताजे असतील, याचाही विचार व्हावा.

अपेक्षा कशाच्या आधारे ठेवायच्या, तर आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताची या खेळातली पदकं तीन: १९५८ ला कांस्य, १९६२ ला रौप्य, १९८६ ला सोलमध्ये कांस्य. इराणने २०१४, २०१८ आणि हांगझोऊ अशी सलग तीन सुवर्णं घेतली, या वेळी अंतिम सामन्यात चीनला ३-१ हरवून.

पुढची स्पर्धा आइची-नागोयाला, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे साडेतीनला. गटवारी जाहीर झाली की आधी आपल्या गटाची गाठ कोणत्या गटाशी पडते ते शोधा आणि त्या गटाचेही सामने बघा.