पाखंडी म्हणजे ढोंगी की परक्या मताचा?

मालवणहून एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी ती अमेरिकन गायिका डॉली पार्टनवर लेख लिहिते आहे. २०२४ साली 'द फेडरलिस्ट' या अमेरिकेतल्या परंपरावादी प्रकाशनानं डॉलीवर टीका केली. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना ती आपलं मानते, त्यांच्या बाजूनं उभी राहते, आणि हे ख्रिस्ती प्रेम म्हणून सांगते, म्हणजे ती खोटं शुभवर्तमान, येशूच्या नावावर चुकीची शिकवण, सांगते, असा त्या टीकेचा रोख होता. हे मराठीत कसं लिहावं, यावर घरात वाद झाला. आजोबा म्हणाले, "सरळ लिही, टीकाकारांनी तिला पाखंडी ठरवलं." मुलीचं म्हणणं, पाखंडी म्हणजे ढोंगी, आणि ढोंगी तर तिला कुणीच म्हटलेलं नाही. बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा शब्द जपून वापरायला हवा. त्याच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुनं भांडण आहे. या भांडणाचा एक धागा आपल्याच किनाऱ्यावर, नालासोपाऱ्याला सापडतो.

'पाखंड' हे संस्कृत 'पाषंड'चं रूप. ष चा उच्चार ख करण्याची जुनी सवय आपल्याकडे आणि उत्तरेतही होती. भाषाचं भाखा झालं तसंच हे. पाली-प्राकृतात तो 'पासंड' असा भेटतो. 'पा म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड' ही व्युत्पत्ती कीर्तनातून ऐकू येते. ऐकायला ती छान आहे, पण मागाहून जुळवलेली आहे. शब्द आधी आला, खंडनाचा आरोप नंतर चिकटला.

आधी या शब्दात शिवी नव्हती, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अशोकानं गिरनारच्या शिळेवर जे चौदा लेख कोरवले, त्यातल्या बाराव्याची सुरुवातच अशी आहे, की देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा 'सवपासंडानि', म्हणजे सगळ्या पंथांना मान देतो, मग ते संन्यासी असोत की गृहस्थ. तिथे 'आत्पपासंड' म्हणजे आपला पंथ आणि 'परपासंड' म्हणजे दुसऱ्याचा. राजा स्वतःच्या पंथालाही तोच शब्द लावतो. पुढे तो 'वचिगुती' म्हणजे जिभेवर ताबा ठेवायला सांगतो: उगाच आपल्या पंथाची स्तुती नको, दुसऱ्याची निंदा नको. जो निंदा करतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. आणि मग तीन शब्दांचं एक वाक्य येतं: 'समवायो एव साधु'. एकत्र येणं हेच चांगलं. मी हे वाक्य वाचलं तेव्हा अर्थासाठी शब्दकोश उघडावा लागला नाही, आणि त्याचं मला फार अप्रूप वाटलं. तेवीसशे वर्षांपूर्वीचं वाक्य मराठी माणसाच्या कानाला जवळजवळ थेट कळतं.

सोपाऱ्याचं असं, की याच चौदा लेखांची एक प्रत तिथेही होती. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला, १९५६ साली नवव्याचा. बारावा तिथे अजून मिळालेला नाही. आठव्यात राजा आपल्या धर्मयात्रांबद्दल सांगतो, की त्यात ब्राह्मण आणि श्रमण, म्हणजे बौद्ध-जैनांसारख्या पंथांचे संन्यासी, अशा दोघांची भेट घ्यायची, दोघांना दान द्यायचं. म्हणजे शूर्पारक, अर्थात जुन्या सोपाऱ्याच्या, बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्यासमोरही हे वाचून दाखवलं जात असणार. कोकणच्या माणसानं या शब्दाचा विचार करताना एवढं तरी लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

मग पुढे काय झालं? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तिसावा श्लोक आहे. पाषंडी, निषिद्ध कर्मं करणारे, मांजरासारखे दबा धरून बसणारे, शठ, तर्कानं वाद घालणारे हेतुवादी, बगळ्यासारख्या बकवृत्तीचे अशांचा 'वाङ्मात्रेणापि नार्चयेत्'. नुसत्या शब्दानंही आदर करू नये! गिरनारला दुसऱ्याच्या पंथाबद्दल जीभ सांभाळायला सांगितली होती, इथे त्याच माणसाला गोड शब्दही देऊ नका म्हटलं आहे. आणि बघा, पाषंडीला कुणाच्या रांगेत बसवलं आहे: बोका आणि बगळा, दोघंही ढोंगाचे नमुने. वेगळ्या मताचा माणूस आणि खोटा माणूस यांतलं अंतर या एका ओळीत मिटलं. मराठीत आलेला 'पाखंडी' या दोन्ही अर्थांसकट आला.

संतांच्या काळात शब्द आणखी एकदा फिरला. तुकोबा 'पाखांड्यांनी पाठी पुरविला दुमाला' म्हणतात तेव्हा ते पाठीशी लागलेल्या छळवाद्यांबद्दल विठ्ठलाकडे तक्रार करताहेत. ज्याच्यावर धर्म बुडवल्याचा ठपका, तोच उलट पाखंड दाखवून देतो. आज आपण बाबाबुवांना पाखंडी म्हणतो, तो हा अर्थ: आत एक, बाहेर एक. ख्रिस्ती मराठीत मात्र 'पाखंडी मत' म्हणजे धर्मशिकवणीला सोडून गेलेलं मत, हा जुना अर्थ टिकून आहे. आजोबांच्या कानात तो असेल तर नवल नाही.

हा शब्द मी प्रत्यक्ष लागताना पाहिला आहे, तो प्रसंग सांगतो. कुडाळकडच्या एका जत्रेत दशावतार होता. स्त्रीपार्टी करणारे नट त्या भागात सगळ्यांचे लाडके. त्यांची राणी पायपेटीच्या सुरावर आत आली की बायका मुलांना उठवून बसवत. त्या रात्री पुढच्या चटईवर दोन तृतीयपंथी बसले होते. कुणीतरी त्यांना मागे सरकायला सांगितलं. दशावतारात संवाद पाठ केलेले नसतात, आयत्या वेळचे असतात. राणीनं पदर सावरला, त्या चटईकडे बघितलं आणि राणीच्याच आवाजात म्हणाली, "जत्रेक इलो तो देवाचो पावणो. तेका उठवणारे आपण कोण?" पखवाजवाल्यानं थाप दिली, खेळ पुढे गेला. दोघं जागचे हलले नाहीत.

सकाळी चहाच्या टपरीवर गावातले एक मानकरी म्हणाले, "नट मोठो, पण पाखांडी." मी विचारलं, ढोंगी म्हणता? ते चिडले. "ढोंगी खंयचो? सरळ माणूस तो. पण धर्माक सोडून बोललो."

त्या उत्तरानं हा शब्द मला जितका कळला तितका कोशानं कळला नव्हता. मानकऱ्यांना नटाबद्दल राग होता आणि मायाही होती, आणि त्यांनी दोन्हींची सरमिसळ होऊ दिली नाही. त्यांचं मत मला मुळीच पटलं नाही, आजही पटत नाही. जत्रेला आलेल्याला देवाच्या दारात जागा देणं धर्माला सोडून कसं, हे मला समजत नाही. पण त्यांनी नटाला खोटा ठरवलं नाही, हे त्यांचं सच्चेपण मी मानतो.

आता डॉलीकडे. तिचे आजोबा पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाचे उपदेशक होते, ती चर्चमध्ये गात वाढली, आपली श्रद्धा ती उघडपणे सांगते. न्याय करणं माणसाचं काम नाही, दुसऱ्याला पापी ठरवणं हेही पापच, असं ती म्हणत आली आहे. १९९५ पासून तिची संस्था लहान मुलांना घरपोच पुस्तकं देते. टीकाकारांचा आक्षेप या दानावर नाही, तिच्या खरेपणावरही नाही. तिच्या प्रेमाच्या अर्थावर आहे. म्हणून 'पाखंडी ठरवलं' असं छापलं, तर शंभरातले नव्वद वाचक 'ढोंगी ठरवलं' असंच वाचतील, आणि तो तिच्यावर अन्याय होईल, टीकाकारांवरही.

'सर्वसमावेशक विचार' हा शब्द या वाचक मुलीच्या लेखात तीन वेळा आला आहे. चुकीचा नाही, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास आहे. 'सगळ्यांना धरून असणारी' म्हटलं तर मालवणात आणि मुंबईत सारखंच पोचेल.

माझी सूचना अशी: 'सगळ्यांना धरून असणारी डॉलीची शिकवण धर्माला सोडून आहे, ते खोटं शुभवर्तमान आहे, असं काही परंपरावादी ख्रिश्चनांचं म्हणणं.' 'काही' काढू नये, कारण तिच्यावर जीव टाकणाऱ्यांतही श्रद्धाळू ख्रिश्चन भरपूर आहेत. आजोबांचा शब्द ठेवायचाच असेल तर 'पाखंडी मत' असा जोडून ठेवावा, नुसता 'पाखंडी' नको. शुद्धलेखनाचं म्हणाल तर पाखंड आणि पाखांड दोन्ही चालतात. लेखात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावं.