साठवलेल्या धान्यातली कीड औषधी गोळ्यांशिवाय, निव्वळ झाडपाल्यावर आटोक्यात येते का?

येते, पण आधी कीड कोणती ते बघा. तुम्ही 'धान्य आणि कडधान्य दोन्हींत किडे झालेत, कडुनिंबाचा पाला टाकला तरी फरक नाही' असं लिहिलंय. माझंही सुरुवातीला असंच व्हायचं.

मूग, चवळी, हरभरा यांत होतो तो भुंगेरा. त्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवते. दाणा उजेडात धरा, खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसतील. नखाने खरवडल्याशिवाय ते निघत नाहीत. अंडी अशी उघड्यावर असल्यामुळे इथे तेल चांगलं लागू पडतं. किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिली खाद्यतेल घेऊन प्रत्येक दाण्याला चोळायचं. तेलाच्या थरामुळे अंड्याला हवा मिळत नाही. आत शिरलेल्या अळीचं मात्र त्याने फारसं बिघडत नाही, म्हणून हे साठवणीच्या पहिल्याच दिवशी करायचं. अख्ख्या कडधान्याची डाळ करून ठेवली तर भुंगेरा जवळजवळ लागतच नाही.

गहू, तांदूळ, ज्वारीतला सोंडा वेगळा. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, आत अळी त्याचं पीठ करत असते. तिथवर ना तेल पोचतं, ना पाला. गव्हाला तेल चोळून मी एकदा निर्धास्त बसलो होतो. महिन्याभराने डब्याचं झाकण उघडलं तर काठावर सोंड्यांची रांग!

कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्याला तत्काळ मारत नाही. त्याची भूक मरते, अळीला नीट कात टाकता येत नाही. उन्हात हा घटक लवकर निकामी होतो, म्हणून पाला सावलीत वाळवायचा, तोही कुरकुरीत होईपर्यंत. ओलसर पाला टाकलात तर किडीआधी बुरशी येईल. निर्गुडीचा पालाही चालतो. पण हे सगळे राखणदार आहेत. आधीच घरात घुसलेल्याला हाकलणं त्यांना जमत नाही.

वेखंडाची पूड यांपेक्षा जहाल, पण ती फक्त बियाण्याला. तिच्यातलं बीटा-असारोन खाण्यात जाऊ नये. करंज तेल आणि निंबोळी तेलही मी बियाण्यापुरतंच वापरतो. सीताफळाच्या बियांची पूड कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

तुमच्या धान्यात कीड आधीच आहे, म्हणून आता चाळून किडे आणि भुगा बाहेर काढा (भुगा दूर नेऊन जाळा, कोपऱ्यात झटकू नका). मग कडक उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात काठोकाठ भरा आणि पाला तेव्हा घाला. बियाण्याला मात्र एवढं कडक ऊन देऊ नका, उगवण घटते.

महिन्याभराने मूठभर धान्य पांढऱ्या कागदावर ओता. उबेत सोंड्याची पिढी साधारण तेवढ्याच दिवसांत पुरी होते, त्यामुळे आत काही राहिलं असेल तर एव्हाना बाहेर आलेलं असतं.