बर्ड फ्लू : शेडमध्ये काम करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : शेडमध्ये अचानक मर वाढली तर मेलेल्या कोंबड्या उचलताना नाका-तोंडाला मास्क लावला की पुरेसे आहे का?

नाही. मास्क लावणारे पुष्कळ जण डोळे उघडे ठेवतात, आणि धोका तिथेच राहतो. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू ज्या प्रकारच्या पेशींना चिकटतो, तशा पेशी माणसाच्या डोळ्याच्या आतल्या अस्तरात असतात. २००३ साली नेदरलँड्समध्ये कोंबड्यांत एच७एन७ या बर्ड फ्लूच्या प्रकाराची साथ आली, तेव्हा ८९ माणसांना लागण झाली. त्यातल्या बहुतेकांचे फक्त डोळे आले होते. एक पशुवैद्यक मात्र न्यूमोनियाने दगावले.

आजारी पक्ष्याची लाळ, नाकातला स्राव आणि विष्ठा या तिन्हींत विषाणू असतो. वाळलेली विष्ठा, लिटरची (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुशाची) धूळ आणि पिसांचा भुगा हवेत उडाला की तो डोळ्यांत आणि श्वासात जातो. म्हणून एन९५ मास्क (साधा कापडी किंवा सर्जिकल नव्हे), चेहऱ्याला घट्ट बसणारा, बाजूने छिद्रे नसलेला गॉगल, हातमोजे, अंगभर कव्हरऑल आणि गमबूट हे सगळेच लागते. दाढी वाढलेली असेल तर एन९५ चेहऱ्याला नीट बसत नाही आणि कडेने हवा आत शिरते. लिटर कोरडे झाडू नका. आधी पाण्याचा हलका फवारा मारा. जोराच्या पाइपने धुऊ नका, कारण त्याने तुषार उडतात.

उकाड्याचा विचार आधीच करा. २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत बाधित कोंबड्या नष्ट करणाऱ्या कामगारांना लागण झाली. शेड तापलेली होती, मोठे पंखे पिसे उडवत होते आणि अंगावरचे किट नीट राहत नव्हते. पाळ्या छोट्या ठेवा, गार वेळी काम करा. घाम पुसायला गॉगल वर केला की संरक्षण संपले.

प्रश्न : किट काढताना काही विशिष्ट क्रम असतो का?

असतो, आणि खरी चूक बहुधा इथेच होते, कारण काम संपल्यावर माणूस सैलावतो. आधी गमबूट ब्रश आणि साबणाने घासून विष्ठा पूर्ण काढा, मगच जंतुनाशक लावा. विष्ठा राहिली तर ब्लीचमधला क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. मग गमबूट काढा, कव्हरऑल आतली बाजू बाहेर करत उतरवा, त्यानंतर हातमोजे. आता साबणाने हात धुवा. गॉगल पट्टीला धरून मागून काढा, मास्क सर्वांत शेवटी, आणि पुन्हा हात धुवा. मास्क आधी काढला तर कपड्यांवरची धूळ नाकात जाते. ते कपडे आणि गमबूट घरी नेऊ नका. अंघोळ कामाच्या जागीच करता आली तर उत्तम.

प्रश्न : संपर्क आल्यानंतर किती दिवस लक्ष ठेवायचे?

शेवटच्या संपर्कानंतर १० दिवस. डोळे लाल होणे हे लक्षण एक-दोन दिवसांतही दिसू शकते. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी बहुधा २ ते ५ दिवसांत. धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही आजारी किंवा मेलेले पक्षी हाताळले आहेत. हे कळले नाही तर साधा फ्लू किंवा साधे डोळे येणे समजून उपचार होतात. डोळे आले असतील तर नाकाबरोबर डोळ्याचाही स्वॅब घ्यायला सांगा. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध लक्षणे दिसताच, शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू झाले तर जास्त गुण येतो. उशीर झाला तरीही ते देतात. तोवर घरात वेगळ्या खोलीत राहा.

प्रश्न : दरवर्षीची फ्लूची लस घेतली तर बर्ड फ्लू टळतो का?

टळत नाही, तरीही ती घ्या. माणसाचा आणि पक्ष्याचा फ्लू एकाच शरीरात एकत्र आले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन नवा विषाणू तयार होऊ शकतो. लसीने ती शक्यता कमी होते.