आत्मसमर्पितांना कारखान्यात घेताना

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. गडचिरोलीतल्या आत्मसमर्पित नक्षलवाद्यांना काम द्यायचंय. सुरुवात कशी करावी?

उत्तर : मध्यस्थ नको, थेट गडचिरोली पोलिसांशी बोला. तिथल्या कोनसरीच्या लोहप्रकल्पात असे कामगार आहेत. आधी आधार, बँक खातं, मग पीएफ. कागद अडले की पहिला पगार अडतो अन् माणूस निघून जातो. एका पाळीत दोघं-तिघं एकत्र ठेवा. अनेकांची बोली माडिया-गोंडी, म्हणून सुरक्षेच्या सूचना चित्रांत लावा. प्लास्टिक वितळवणारा एक्स्ट्रूडर २०० अंशांच्या पुढे तापतो. म्हणून कामं देताना आधी कापणी, शिलाई, पॅकिंग, मग लूम म्हणजे चटई विणायचं यंत्र, एक्स्ट्रूडर सगळ्यात शेवटी. कोर्टाच्या तारखेला पगारी सुट्टी द्या. पूर्वेतिहास मालकापुरताच, पाळीत चर्चा सुरू झाली की संपलंच. पगार इतरांइतकाच, दया म्हणून कमी-जास्त नको.