गेटवेहून शिडाच्या होडीने फिरायचे तर आधी तिथी पाहा

प्रश्न असा आहे की फेब्रुवारीत सहा जणांना (त्यांत सत्तरीच्या आई आणि दहा वर्षांचा मुलगा) गेटवेहून शिडाच्या होडीतून दोन तास कुलाब्याचा काठ पाहायचा आहे. दिवस कोणता, वेळ कोणती आणि काय सांभाळायचे?

दिवस रविवार की सोमवार यापेक्षा तिथी कोणती हे महत्त्वाचे. मुंबईसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य पक्षाला हिशेब तोच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील तक्ते बघा. बेत ठरवायला मात्र भिंतीवरचे कालनिर्णय पुरते.

याला इतके महत्त्व का? दुपारनंतर इथे खारा (समुद्रावरून येणारा) वारा वायव्येकडून येतो. होडी गेटवेहून दक्षिणेला ससून डॉककडे निघाली की वारा उजवीकडून, मागून मिळतो आणि जाणे झकास होते. परत येताना तोच वारा समोरून, डावीकडून येतो. समोरच्या वाऱ्यात शीड सरळ चालत नाही, नागमोडी यावे लागते. त्यात पौर्णिमा-अमावास्येचे उधाण असेल तर दुपारी ओहोटी ऐन भरात असते आणि पाणी दक्षिणेकडे, बंदराबाहेर ओढत असते. होडी पाणी कापते, काठ मात्र सरकत नाही. सहलीचे बहुतेक विचके इथेच होतात.

अष्टमी ते एकादशीच्या दुपारी उलटे घडते. ओहोटीचा तळ बारा ते अडीचच्या दरम्यान होऊन जातो आणि मग भरतीचे पाणी उत्तरेला चढू लागते, म्हणजे परतीला ते तुमच्या बाजूने असते. शिवाय नवमी-दशमीचा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी, मंद असतो. उधाणाला पाण्याची चढउतार साडेतीन-चार मीटर होते, भांगाला दीडच्या आसपास. आईंसाठी याचा आणखी एक फायदा आहे. उधाणाच्या तळाला धक्क्याच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि होडी खूप खाली राहते. भांगाला तसे होत नाही.

वेळ साडेतीन ते साडेपाच. फेब्रुवारीत खारा वारा दुपारी उशिरा स्थिरावतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे साडेसहाच्या पुढे, पडतो. शेवटचा अर्धा तास हातात ठेवलाच पाहिजे. पौर्णिमेलाच जमणार असेल तर सकाळी साडेसातला निघा. तेव्हा ईशान्येकडून हलका मतलई (जमिनीवरून येणारा) वारा असतो आणि भरती अजून चढत असते.

होडी बहुधा जे २४ या प्रकारची मिळेल. लांबी २४ फूट, पाण्याखाली सुमारे चार फूट. चालवणाऱ्यासह पाच जण ठीक, म्हणून तुम्ही सहा जण असाल तर दोन होड्या घ्या. ताण देऊन सातवा माणूस बसवणारा असेल, तर तिथून निघा. तळाला चारशे किलोंहून अधिक वजनाची कील (पाण्यात उतरणारे जड पाते) असते, त्यामुळे होडी पंधरा-वीस अंश कलली तरी ती उलटत नाही. फार कलली तर मेनची, म्हणजे मुख्य शिडाची, शीट सोडायची, होडी आपोआप सरळ होते. (शीट म्हणजे शिडाला आवरणारी दोरी. नवखे लोक शीट आणि शीड यांत हमखास गोंधळतात, निघण्याआधी हे विचारून घ्या.)

धक्का सोडल्यावर पहिले काहीशे मीटर जपून. वारा ताज आणि कुलाब्याच्या इमारतींच्या फटींतून झोतांनी येतो, एक झोत संपून दुसरा कुठून येईल सांगता येत नाही. पुढे जरा पूर्वेला सरकल्यावर वारा सलग होतो.

दिशा बदलताना चालवणारा आधी ओरडून सांगतो. तेव्हा सगळ्यांनी डोके खाली घालायचे, कारण बूम (मुख्य शिडाच्या तळाची आडवी दांडी) एका बाजूकडून दुसरीकडे जाते. वारा समोर घेऊन वळताना ती सावकाश जाते. वारा पाठीमागे असताना वळणे, म्हणजे जाइब, खरे धोक्याचे. तेव्हा ती झपकन फिरते आणि कपाळावर बसली तर टाके पडतात. मुलाला केबिनच्या दाराशी, बूमच्या पातळीखाली बसवा. विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या नळकांड्यावर) दोरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दोन-तीन वेढे घ्यायची, बोटे वेढ्यांपासून लांब. ओढणी आणि मोकळे केस बांधून ठेवा.

मांडवा आणि घारापुरीच्या लाँचांच्या लाटा आडव्या येऊ देऊ नका, नाळ (होडीचे पुढचे टोक) थोडी तिरपी धरून त्यांवर घ्यायची. ससून डॉकजवळ मासेमारी होड्यांची ये-जा असते, जाळी आणि प्लास्टिक सुकाण्यात अडकते. वारा असून होडी एकाएकी मंदावली तर आधी तेच बघायचे. उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे जायचे नाही आणि युद्धनौकांचे फोटोही काढायचे नाहीत.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घाला, पाण्यात गेल्यावर नव्हे. खांद्याला धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकले तर ते ढिले आहे. मुलासाठी वजन छापलेले लहान मापच मागा, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का बघा. मोठ्यांचे जॅकेट आवळून चालत नाही, पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. आत केबिनमध्ये बसू नका, नजर क्षितिजावर ठेवा. रबरी तळाचे बूट, टोपीला दोरी, माणशी एक लिटर पाणी.

आणि आईंना वाऱ्याकडच्या बाजूला, मागे, चालवणाऱ्याजवळ बसवा. तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. परतताना तीच बाजू किनाऱ्याची असते, त्यामुळे आधी ससून डॉक, मग ताज आणि शेवटी गेटवे त्यांना मान वळवली की दिसत जाईल.